दुसरी शिंक

आमच्या सिल्लोडच्या घरात भिंतीवर चांगलं टोलाचं घड्याळ होतं, पण उंबऱ्याबाहेर कोण कधी पडणार ते ठरवायचं माझं नाक. आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, रोज सकाळी कापसाच्या आडतीवर निघायचे. धोतराचा सोगा सावरायचे, टोपी झटकायचे, देवाकडं बघून उंबऱ्यावर पाय ठेवायचे, आणि तेवढ्यात आतून मी शिंकायची. मुद्दाम नाय. बाजरी फुलोऱ्यात आली की, म्हणजे पोळ्याच्या आसपास, माझे डोळे उघडायच्या आधी माझं नाक जागं व्हायचं, ते दसऱ्यापर्यंत झोपायचं नाव घ्यायचं नाय. शिंक ऐकली की आबा उचललेला पाय आत घ्यायचे, टोपी काढून खुंटीला लावायचे आणि पाटावर येऊन बसायचे. मग काकूनं पाण्याचा तांब्या आणायचा, आबांनी दोन घोट घ्यायचे, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघत बसायचं. कारण आमच्या घरात कायदा होता : एक शिंक आडवी, दुसरी सोडवी. पहिली शिंक वाट अडवती आणि दुसरी वाट मोकळी करती. दोनाच्या पुढं कुणी मोजत नव्हतं. मोजलं असतं तर आबा भादव्यात घराबाहेर पडलेच नसते, आणि सिल्लोडच्या कापसाच्या बाजाराचं काहीएक बिघडलं नसतं.

ह्या कायद्याला एक पळवाट होती, आणि ती अर्थातच आबांच्या सोयीची होती. आबा तपकीर ओढायचे. चांदीची चपटी डबी, तिच्यावर दोन बोटं टक टक वाजवायची, चिमूट नाकात कोंबायची, आणि मग गल्लीतली कुत्री उठून उभी राहतील अशी शिंक द्यायची. कुणी बाहेर निघालेलं असलं, आई विहिरीवर निघाली असली, तरी त्या शिंकेनं कुणाचं काही अडत नव्हतं. 'तपकिरीची शिंक धरत नाय,' असं आबा स्वतःच सांगायचे. म्हणजे स्वतःच्या हातानं आणलेली शिंक पाक, आणि देवानं दिलेली माझी तेवढी अपशकुनी. मी हे एकदा काकूला विचारलं तर ती म्हणाली, पोरीच्या जातीनं एवढा विचार केला की सर्दी होती.

कारण माझं जे काय होतं त्याला आमच्याकडं एकच शब्द होता, सर्दी. आणि सर्दी म्हणजे माझीच चूक. ताक पिली असंल. पेरू खाल्ला असंल. केस ओले ठेवले असतील. एका भादव्यात काकूनं माझं ताक, दही, केळ, सीताफळ आणि शेवटी काकडीसुद्धा बंद केली, आणि दारात सीताफळाचं झाड असताना मी ओव्याचं पाणी पीत बसले. काकूचे उपाय तर विचारू नका. तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी हुंगायची. वेखंड उगाळून कपाळाला लेप, तो वाळला की भुवई वर उचलता यायची नाय, दिवसभर मी रागावल्यासारखी दिसायची. कोमट करडईचं तेल नाकात दोन दोन थेंब, त्यानं नाक मोकळं व्हायच्या ऐवजी तळल्यासारखं वाटायचं. हळकुंड निखाऱ्यावर धरून त्याचा धूर ओढायचा. मिरे, तुळस, गवती चहा आणि सुंठ असा काढा, त्याचा वास अजून आला तरी माझी जीभ मागं सरकती. आणि गंमत अशी की दसऱ्याच्या सुमाराला बाजरी कापून झाली की नाक आपसूक थांबायचं, आणि त्या आठवड्यात जो उपाय चालू असंल त्याला सगळं श्रेय मिळायचं. एका वर्षी ते हळकुंडाला मिळालं, दुसऱ्या वर्षी कन्नड गावच्या कुठल्याशा बाबाच्या गंड्याला. बाजरीचं नाव कुणी घेतलं नाय. भाकरीवर कोण संशय घेणार?

शिंका एवढ्या ऐकल्यामुळं म्हणा, किंवा मुळातच वात्रट म्हणून म्हणा, मला सगळ्या गावाच्या शिंका काढता यायच्या. काकूची शिंक मांजरीसारखी, पदरात गुंडाळलेली, आणि शिंकल्यावर ती स्वतःलाच 'सत्यं' म्हणायची. मुख्याध्यापकांची इंग्रजी होती, आधी 'एक्स' आणि मग मोठा विराम. गणिताचे मास्तर शिंकताना अर्धी बाहेर सोडायचे आणि अर्धी गिळायचे, मी पोरींना सांगायची की सर शिंकेचासुद्धा हातचा धरतात. हे सगळं मी मधल्या सुट्टीत करून दाखवायची, आणि पोरी पोट धरून बसायच्या. शिंक बनवायची कशी ते मला तेव्हाच नीट कळलं होतं. सुरुवात नाकात नसती, टाळूत असती. जीभ खाली सोडायची, छाती वर उचलायची, डोळे बारीक करायचे आणि एक क्षण थांबायचं. तो थांबलेला क्षण नसंल तर शिंक खोटी वाटती.

ही कला घरात कामाला आली ती नानांमुळं. नाना म्हणजे माझे वडील, आबांचे धाकटे भाऊ. तहसील कचेरीत कारकून होते, आणि सुट्टीच्या दिवशी शेत बघायचे. बोलायचे कमी. आबांपुढं तर बोलायचेच नाय. 'आबा म्हणतील तसं' हे त्यांचं वाक्य मी आवाजासकट काढायची, आई तोंडात पदर कोंबून हसायची. एकदा त्यांना कचेरीच्या कामासाठी सकाळच्या एस.टी.नं औरंगाबादला जायचं होतं. निघाले आणि मी शिंकले. एकदाच. दुसरी येईना. काकूनं तांब्या आणला, आबांनी 'बैस' म्हटलं, नाना बसले. एस.टी.चा भोंगा स्टँडवरून ऐकू आला. नानांचा चेहरा बघून मला राहवलं नाय. मी टाळूपासून सुरू केलं, एक क्षण थांबले आणि अशी दणकून दुसरी शिंक दिली की आबा म्हणाले, 'झाली. जा आता.' नाना धावत गेले. त्या दिवसापासून दुसरी शिंक हे माझं घरकामच झालं. पाणी भरायचं, झाडून घ्यायचं, दुसरी शिंक द्यायची. काकू तर चुलीपुढून ओरडायची, 'सुमे, दुसरी आली का गं?' आणि मी अंथरुणातून द्यायची. आबांना कधी शंका आली नाय. शकुन बघणाऱ्याला शकुन दिला की तो पुढचं बघत नाय.

नानांना मात्र कळलेलं होतं. एकदा त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत पिशवी द्यायला गेले, तर चालता चालता समोर बघूनच म्हणाले, "दुसरीला डोळ्यात पाणी आणत जा जरा. पहिलीला येतं, दुसरीला नाय." आणि पिशवी घेऊन गेले. पुढच्या दिवसापासून मी डोळ्यात पाणी आणायला लागले.

त्याच नानांनी एका भादव्यात मला औरंगाबादला, औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांकडं नेलं. आबांना सांगितलं की कापड घ्यायचंय. माझे डोळे तेव्हा डाळिंबासारखे लाल झाले होते आणि रात्री तोंड उघडं टाकून झोपावं लागत होतं. एका कापडाच्या दुकानावर, लाकडी जिन्यावरून वर, तो दवाखाना होता, आणि बाकावर बसायला जागा नव्हती. मी आत पाय ठेवला आणि मला एक आवाज ऐकू आला. जिभेच्या मागच्या भागानं टाळू खाजवल्यावर घशातून जो आवाज येतो तो, बेडूक आणि कोंबडी ह्यांच्या मधला. मला वाटत होतं तो आवाज जगात माझ्या एकटीचा आहे, आई मला त्यावरून रोज दटावायची. आणि इथं अख्खा बाक तो आवाज काढत होता. एक बुरखेवाली बाई, एक वकील असावा असा कोटवाला, दोन कॉलेजची पोरं, फुलंब्रीकडचा एक म्हातारा शेतकरी, सगळे खर्र खर्र करत होते आणि सगळे एकमेकांना सांगत होते की जरा गारठा बाधलाय. शेजारची बाई मला म्हणाली, "मेरेकू तो हर साल होता बेटी, दही खाई थी." तिनंही दही खाल्लं होतं. म्हणजे सगळ्या जिल्ह्याचं दही वाईट.

डॉक्टर कंटाळलेले होते. माझ्या नाकात बॅटरी मारून बघितली, कधी सुरू होतं, कधी थांबतं, घराजवळ काय पेरलंय एवढंच विचारलं. मग म्हणाले, "ही सर्दी नाही. बाजरीच्या फुलोऱ्याचं पीठ वाऱ्यावर उडतं, गवताचं उडतं, ते हिच्या नाकाला चालत नाही. ह्या दिवसांत निम्मा दवाखाना ह्याचाच असतो, आणि सगळे मला सर्दीच सांगतात." ह्यात तिचा काही दोष नाही, असंही म्हणाले, आणि हे वाक्य ऐकून मला रडू आलं, ते सर्दीत खपून गेलं. सकाळी वावराकडची खिडकी लावायची, बाहेरून आलं की तोंड धुवायचं, कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, आणि फारच झालं तर रात्री एक पिवळी गोळी. गोळीनं झोप येईल, दिवसा देऊ नका, हे त्यांनी नानांना दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर नानांनी हे सगळं आबांना सांगितलं, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी चूक. आबा एवढे हसले की तपकीर सांडली. "सात पिढ्या बाजरी खाऊन जगल्या आमच्या," ते म्हणाले, "आता बाजरीच पोरीला बाधती म्हणतोय. उद्या म्हणंल श्वासानं दम लागतो." काकूनं पिवळ्या गोळ्या ताब्यात घेतल्या आणि काढा चालू ठेवला, कारण काढ्याचं साहित्य आणून ठेवलेलं होतं.

आता ह्या वयात मी नाकात फवारा मारती, रोज, बाजरी फुलायच्या आधीपासून, नळी नाकाच्या बाहेरच्या भिंतीकडं धरून, जशी शिकवली तशी. दोन मिनिटांचं काम आहे. पण आमच्या नात्यातली माणसं अजून बघायला जमतात. 'सवय लागंल गं,' असं सांगतात, आणि सांगणाऱ्याच्या गालात तंबाखूचा बार असतो. शहरात गाजरगवतानं मोकळे प्लॉट भरलेत, घराघरात एखादं तरी नाक गळतंय, औषधाच्या दुकानात त्याच छोट्या गोळ्या मागायला रांग लागती, आणि विचारलं तर उत्तर तेच. जरा सर्दी झालीय. एसीचं पाणी बाधलं. एसीचं पाणी कोण पितं ते मला कळलेलं नाय.

तर मी शाळा संपवली त्या वर्षी माझा डी.एड.ला नंबर लागला. औरंगाबादला, होस्टेलसकट. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. नानांनी कुणाला न सांगता एक पत्र्याची पेटी आणून माझ्या खाटेखाली सरकवली होती, हिरवी, कडीवर कुलूप बसणारी. मी रात्री हात खाली सोडून तिला शिवून बघायची. आणि त्याच आठवड्यात आबांनी पिशोरचं स्थळ आणलं. दोन विहिरी, मोसंबीची बाग, मुलगा एकटा, आणि मुख्य म्हणजे मुलाच्या मामांशी आबांना कापसाच्या धंद्यात सोयरीक पाहिजे होती. पितरपाख लागायच्या आत सगळं पक्कं करायचं, लगीन तुळशीच्या लग्नानंतर. पेटी आबांनी बघितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, बरं झालं, रुखवतात कामाला येईल. मी नानांकडं बघितलं. नाना म्हणाले, 'आबा म्हणतील तसं.' त्या रात्री मी त्यांची नक्कल केली नाय.

माझ्या नाकाची बातमी मात्र पिशोरला कळू द्यायची नव्हती. सर्दीची पोरगी म्हणजे पुढं दमा, आणि दमा म्हणजे पोराबाळांत उतरणार, असा काकूचा अभ्यास होता. म्हणून बघायच्या दिवशी सकाळीच तिनं डबा उघडून दोन पिवळ्या गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या, डॉक्टर रात्री एक म्हणाले होते म्हणून दिवसा दोन. मी पाणी पिऊन दाखवलं आणि गोळ्या गालात ठेवल्या. माझ्या डोक्यात काही बेत नव्हता. माझं आयुष्य ठरत असताना मला निदान जागं राहायचं होतं, एवढंच. परसात जाऊन थुंकले तर काकूच्या लाडक्या तलंगेनं धावत येऊन दोन्ही टिपल्या. ती कोंबडी मग पाहुणे जाईपर्यंत दारापाशी एका पायावर उभी राहून झोपली, आणि काकू दिवसभर कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली म्हणून हळहळत होती.

पाहुणे दुपारी येणार ते उन्हं कलल्यावर आले. वाटेत मांजर आडवं गेलं म्हणून मामांनी जीप वडाखाली उभी करून ठेवली होती. आबांना हे ऐकून भरून आलं. "असं घर पाहिजे," ते नानांना म्हणाले, "शकुन पाळणारं." मामा हे आबांचीच मोठी आवृत्ती होते, चार बोटांत अंगठ्या, आणि प्रत्येक वाक्य नाकातून सुरू करून पोटात संपवायची ढब. मुलगा त्यांच्या शेजारी बसला होता, मान खाली, हातात रुमाल. आमच्या घरामागंच बाजरीचं वावर, वारा तिकडूनच येत होता. आबांनी रुबाबात तपकीर ओढली आणि नेमकी मामा पाण्याचा पेला उचलत असताना शिंक दिली. मामांचा हात थांबला. आबा घाईघाईनं म्हणाले, "तपकिरीची हाय. तपकिरीची धरत नाय आमच्यात." मामांनी मान डोलावली. "बराबर. आमच्यात बी धरत नाय." दोघांना एकमेकांचं एवढं कौतुक वाटलं की तिथंच अर्धं लगीन झालं.

मी पोहे दिले, चहा दिला, पाटावर बसले. मामांनी नाव विचारलं. आता माझ्याकडं एकच हत्यार होतं, ते मी काढलं. मी नाव मामांच्याच ढबीत सांगितलं, नाकातून सुरू करून पोटात संपवून. आईनं डोळे मोठे केले. शिक्षण विचारलं, तेही तसंच सांगितलं. स्वयंपाक येतो का, तर "येतो की, पावणं," असं अंगठ्या नसलेली बोटं हलवून. एखाद्याला कळलं असतं. मामांना वाटलं, पोरगी आपल्यासारखंच बोलती, आपल्या वळणाची आहे. "लई गुणाची हाय," ते म्हणाले. स्वतःची नक्कल ज्याला ओळखू येत नाय, असा माणूस मी पहिल्यांदाच बघितला, नंतर पुष्कळ बघितले. आणि तेवढ्यात मला आवाज ऐकू आला. खर्र. औरंगपुऱ्याच्या बाकावरचा आवाज. मुलगा मान खाली घालून जिभेनं टाळू खाजवत होता. त्यानं वर बघितलं, त्याचे डोळे डाळिंबासारखे लाल होते.

मामा उठले. पसंत आहे म्हणाले. बुधवारी सुपारी फोडू म्हणाले. आबांनी हात जोडले, काकूनं कुंकवाचा करंडा आणायला पाय उचलला, मामा उंबऱ्यापाशी गेले, आणि वावराकडून वाऱ्याची एक झुळूक खिडकीतून आत आली. ती खिडकी लावायची असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी शिंकले.

मामा थांबले. उचललेला पाय आत आला. ते परत सतरंजीवर बसले, मागोमाग सगळे बसले, काकूनं तांब्या आणला. मामांनी दोन घोट घेतले. "शब्दावर शिंक आली," ते म्हणाले. आबा हसले, "येती की दुसरी. आमच्या सुमीची दुसरी कधी चुकत नाय." आणि खोलीभर माणसं माझ्या नाकाकडं बघत बसली.

इतकी वर्षं मी दुसरी शिंक बनवून दिली होती, आज फक्त द्यायची नव्हती. आणि आजच ती खरी येत होती. टाळूपासून निघाली, मला तिचा रस्ता पाठ होता. छाती वर उचलायला लागली. ज्याला शिंक बनवता येती त्याला ती मोडतापण येती, असं मी स्वतःला सांगितलं. ओठ दातांखाली घट्ट धरला, जीभ टाळूला दाबली, छाती खाली ओढली आणि त्या थांबलेल्या क्षणात तिला पकडून ठेवलं. डोळ्यांतून पाणी आलं. खरं पाणी. मला समोर नाना दिसत होते, भिंतीला टेकून उभे, आणि ते माझ्या डोळ्यांकडं बघत होते.

"येऊ दे की, सुमे," आबा गोड आवाजात म्हणाले. "लाजू नको."

मी मान हलवली, म्हणजे येत नाय. तोंड उघडलं असतं तर गेलीच होती. काकू हळूच म्हणाली, मुलाची आली तरी चालंल की. मामांनी विचार केला आणि म्हणाले, "चालंल. नवरदेवाची चालंल." आता सगळी खोली मुलाच्या नाकाकडं वळली. ते नाक तर आधीच लाल झालेलं होतं, पाकळ्या थरथरत होत्या, वारा त्याच्याकडंही येत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. मग त्यानं रुमाल काढला, नाकावर धरला आणि दोन बोटांनी नाक असं दाबलं की त्याचे कान लाल झाले. का, ते मला आजतागायत माहीत नाय. त्याचंही कुठं काही ठरलं असंल, किंवा आपलं नाक ह्या लोकांच्या हातात द्यायचा त्याला माझ्यासारखाच कंटाळा आला असंल. त्या घरात त्या घटकेला अक्कल असलेली दोनच नाकं होती, आणि दोन्ही बंद होती.

आबांना घाम फुटला. त्यांनी चांदीची डबी काढली, उघडली आणि माझ्यापुढं धरली. "घे चिमूटभर. मोकळं होतं."

"आबासाहेब," मामा म्हणाले, "तपकिरीची धरत नाय. तुम्हीच सांगितलं मघाशी."

डबी मिटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मामा थोडा वेळ बसले, आमच्या घड्याळानं टोल दिला, आणि मग ते उठले. 'कळवतो' म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते सिल्लोडपासून पिशोरपर्यंत लहान पोरालासुद्धा कळतं. जीप गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत आबा हात जोडून उभे होते, आणि मग वळून माझ्यावर आले. "रोज पहाटेपासून नुसती वाजत असतीस," ते म्हणाले, "आणि आज एक शिंक जड झाली व्हय गं तुला?"

मी तोंड उघडू शकत नव्हते. ओठ अजून दातांखाली होता. तेव्हा नाना भिंतीपासून पुढं आले.

"सुमे," ते म्हणाले, "जा, बाजरीत जाऊन ये."

"आता कशाला बाजरीत?" आबांनी विचारलं.

"राखणीला. पाखरं लई बसलीत." नाना आबांकडं बघत होते, आणि त्यांनी नजर खाली घेतली नाय. "आणि सोमवारी तिला सोडायला मी जातोय औरंगाबादला. शिंक कुणाचीबी येऊ द्या."

मी परसातून झोपलेल्या कोंबडीला ओलांडून पळाले. बाजरी माझ्या डोक्याच्या वर होती, फुलोऱ्याचं पीठ केसांवर, खांद्यांवर सांडत होतं. मधोमध जाऊन मी ओठ सोडला. पहिल्या शिंकेला लवकर पेरलेल्या पट्ट्यातली पाखरं भुर्रकन उठली, आणि मग मी मोजल्याच नाय. मी काकूची दिली, मुख्याध्यापकांची दिली, हातचा धरणारी दिली, मामांची नाकातून सुरू होऊन पोटात संपणारी दिली, आणि मधूनमधून माझ्या स्वतःच्या. कुठली खरी, कुठली बनवलेली, ते मलाही कळेना. डोळे सुजून मिटायला आले तेव्हा परत निघाले.

आबा आडतीवर गेले होते. ओट्यावर हिरवी पेटी बाहेर काढून ठेवली होती, आणि नाना तिच्यावरची धूळ फडक्यानं झटकत होते. मला येताना बघून त्यांनी हात वर केला.

"तिथंच थांब," ते म्हणाले. "धूळ उडतीया."